झिजण्याचा हिशोब

दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "टिकेल ना हो?" मिक्सर असो, छत्री असो, नाहीतर चपला. दुकानदारही सरावाने सांगतो, "काही बघायला नको ताई, दहा वर्षं हात लावायचं काम नाही." आपण समाधानाने पैसे मोजतो. या सवाल-जबाबात दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की चांगली वस्तू म्हणजे न झिजणारी वस्तू. मला अलीकडे या गृहीतकाचीच शंका येऊ लागली आहे. आणि ती यायला निमित्त झाली एक वीत-सव्वा वीत लांबीची, पेन्सिलीएवढ्या जाडीची कांडी. आत कोळसा, वरून तांब्याचा मुलामा.

आधीच सांगते, मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाचा तास माझा नव्हता. तेव्हा हे एका जिज्ञासू म्हातारीचं लिखाण म्हणून वाचावं. पण या कांड्यांशी माझी ओळख फार जुनी आहे. माझा मामा तालुक्याच्या गावी एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता, आणि साठच्या दशकात आमच्याकडे सिनेमा दिसायचा तो या कांड्यांच्या उजेडात. गावातली माणसं त्यांना नुसतं 'कार्बन' म्हणत. "कार्बन संपला", "कार्बन सरकव", "आज कार्बन ओला निघाला" ही मामाची रोजची भाषा.

ज्यांनी कार्बन पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कोळशाच्या दोन कांड्या टोकाला टोक लावून त्यांतून वीज सोडायची आणि मग त्या किंचित दूर करायच्या. मधल्या फटीतून वीज उडी घेते आणि टोकं पांढरीशुभ्र तापतात. याला आर्क म्हणतात. लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा उजेड लोकांना दाखवला. उजेड डोळे दिपवणारा होता, पण कोळसाच तो, भराभर जळून जाई. पुढची शंभर वर्षं अनेक हुशार माणसं याच काळजीत होती, की कांडी जास्त वेळ कशी पुरवायची.

त्यांच्या खटपटी वाचायला मोठ्या मजेदार आहेत. डीसी विजेवर धन बाजूची कांडी ऋण कांडीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जळते. पावेल याब्लोचकोव्ह या रशियन अभियंत्याने १८७६ साली पॅरिसमध्ये दोन कांड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि त्यांना एसी वीज दिली, म्हणजे दोघी सारख्या जळाव्यात! त्याच्या या 'मेणबत्त्यां'नी पॅरिसचे रस्ते उजळले खरे, पण एक मेणबत्ती दीड-दोन तासांत संपे. पुढे १८९० च्या दशकात कोणी आर्कभोवती जवळजवळ हवाबंद काचेचं भांडं बसवलं. आतला प्राणवायू संपला की कोळसा सावकाश जळतो. उघड्यावर आठ-दहा तास चालणारी कांडी त्या काचेत शंभर तासांच्या पुढे चालू लागली. केवढी मोठी उडी! पण उजेड कमी झाला. रस्त्यावरच्या दिव्याला ते चालून गेलं, कारण रोज शिडी लावून कांडी बदलणाऱ्या माणसाची मजुरी वाचत होती. सिनेमाच्या पडद्याला ते चाललं नसतं.

तांब्याच्या मुलाम्याची कल्पना अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातल्या चार्ल्स ब्रश यांची. १८७० च्या दशकात त्यांनी तिचं पेटंट घेतलं, आणि २९ एप्रिल १८७९ रोजी त्याच शहराच्या चौकात बारा आर्क दिवे लावून दाखवले. आता कोळशाला तांबं कशासाठी? कारण कोळसा वीज वाहून नेतो, पण कुरकुरत. तांब्याच्या तुलनेत त्याचा विरोध हजार पटींहून जास्त. त्यामुळे नुसत्या कोळशाच्या कांडीतून मोठा प्रवाह सोडला तर ती टोकापासून मागे कितीतरी लांब लालबुंद होते, आणि बाजूने हवा लागून तासलेल्या पेन्सिलीसारखी निमुळती होत जाते. जिथे उजेड पडत नाही तिथेही ती जळत राहते. हे जळणं फुकट. वरून तांब्याचा थर असला की वीज त्या थरातून सुखाने टोकाजवळ पोचते, मागची कांडी थंड राहते आणि हवेपासूनही झाकली जाते. जळायचं ते टोकालाच जळतं.

आता चांगला मुलामा कोणता? आपल्याला वाटेल की शेवटपर्यंत टिकणारा. तसं नाही. आर्कच्या टोकाशी उष्णता साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर, आणि तांबं वितळतं १०८५ अंशांना. म्हणजे टोक जसजसं मागे येतं तसतसा तांब्याचा थर त्याच्या जरासा आधी वितळून बाजूला व्हायला हवा. थर फार पातळ असेल तर कांडी बाजूने खंगते. फार जाड असेल तर तांब्याचे थेंब उडतात आणि मागच्या आरशाला व्रण पाडतात. आपण पितळेच्या भांड्याला कल्हई करतो ती आतलं ताक-आमटी कळकू नये म्हणून, आणि ती जितकी टिकेल तितकी चांगली. कांडीवरच्या तांब्याचं काम वेगळं आहे. त्याने पाळी येईपर्यंत राखण करायची आणि पाळी आली की वाट सोडायची.

मला हे समजलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की 'टिकाऊ' या शब्दाचा अर्थ आपण फार उथळ करून ठेवला आहे. ही कांडी जळून जाण्यासाठीच केलेली आहे. तिच्यापाशी "टिकेल ना?" असं विचारणं म्हणजे समईच्या वातीला "जळणार नाहीस ना?" असं विचारण्यासारखं. तिला विचारायचं ते एवढंच, की जळायच्या जागी जळतेस का, आणि बाकीची जागा राखतेस का.

मामाच्या केबिनमध्ये मी लहानपणी पुष्कळ वेळा गेले आहे. दोन मशीन, प्रत्येकाच्या मागे पत्र्याची दिव्याची पेटी, वर धुराडं. तीन तासांचा सिनेमा म्हणजे हजार फुटांची सोळा-सतरा रिळं, एक रीळ अकरा मिनिटांचं. हे मशीन संपायच्या आत ते मशीन पेटलेलं हवं. कांड्या जळत जातील तसतशी मधली फट वाढते, आणि फट वाढली की उजेड थरथरतो, पडदा पिवळा पडतो. म्हणून दर थोड्या वेळाने खटका फिरवून कार्बन पुढे सारायचा, समईची वात सारावी तसा. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही. पेटीच्या बाजूला छोटं भिंग बसवलेलं असे, त्यातून दोन्ही टोकांची प्रतिमा एका पांढऱ्या पट्टीवर पडे, आणि पट्टीवरच्या रेघांवरून मामा अंतर राखी. पुढे काही पेट्यांना मोटर आली आणि कार्बन आपोआप सरकू लागला, पण मामा मोटरवर कधी पूर्ण विसंबला नाही. कार्बन सादळलेला असेल तर तडतडतो, म्हणून पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच्या कांड्या तो पेटीच्या उबेला ठेवून देई.

त्या केबिनमध्ये एक वही होती. रोज किती कार्बन दिले, किती जळले, किती तुकडे उरले याची नोंद त्या वहीत होई. कांडी पकडीत धरावी लागते, त्यामुळे शेवटचा दीड-दोन इंचांचा तुकडा वाया जाई. तो वाचवायच्या नाना युक्त्या होत्या. वेगळी पकड लावून तो आणखी थोडा जाळायचा, नाहीतर दोन तुकडे एकमेकांना जोडून एक कांडी करायची. जोड आर्कपाशी आला की पडद्यावर क्षणभर अंधारी येई. अगदीच लहान तुकडे आम्हा मुलांना मिळत. त्यांनी फरशीवर काळी रेघ झकास उठायची.

मालकाला अर्थातच कार्बन पुरवून पुरवून वापरायला हवा होता. त्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रवाह कमी करणं. त्याच कांडीला प्रवाह कमी दिला की ती जास्त वेळ चालते. वहीत कार्बनचं आयुष्य वाढलेलं दिसे. पण पडद्यावर रात्रीचे प्रसंग दिसेनासे होत आणि पिटातून शिट्ट्या नि आरोळ्या सुरू होत, "ए, लाइट!" शिव्या मिळत त्या ऑपरेटरला. म्हणजे कांडीचा वाढीव टिकाऊपणा कोणाच्या खिशातून येत होता? चार आणे मोजून काळोख पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या. म्हणून खोक्यावरचे तासांचे आकडे वाचताना मला नेहमी वाटतं, की एवढे तास कोणत्या कामावर, किती प्रवाहावर आणि कोणाच्या सोयीने मोजलेत हेही शेजारी छापलेलं असावं.

पण वहीत न येणाऱ्या गोष्टी मला आता आठवतात. उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या केबिनमध्ये दोन पेट्यांची धग असे. आर्कच्या धुराचा एक उग्र वास असे, धुराडं चोंदलं की तो केबिनभर भरे. आर्क सोडून जाता येत नाही, म्हणून मामा खेळ चालू असताना पाणी बेताने पीत असे. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर गरम तुकडे उचलून पडलेले चट्टे होते. रोज तीन खेळ, सणाला चार. मामाने सत्तावीस वर्षं ते काम केलं आणि शेवटी टॉकीज बंद पडलं तेव्हा त्याला एक महिन्याचा पगार आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्या केबिनमध्ये दोन गोष्टी झिजत होत्या. पहिलीची नोंद इंचाइंचाने ठेवली जाई. दुसरीसाठी वहीत रकानाच नव्हता.

जुन्याचं सगळंच चांगलं होतं असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. १९५० च्या दशकात परदेशात झेनॉन दिवे आले आणि सावकाश आपल्याकडेही पोचले. क्वार्ट्झच्या बंद नळीतला दिवा, हजार-दोन हजार तास चालणारा. धूर नाही, राख नाही, दर अकरा मिनिटांची धावपळ नाही. त्याने ऑपरेटरची छाती आणि बोटं वाचवली, आणि कार्बनसाठी कोणी अश्रू ढाळावेत असं मला मुळीच वाटत नाही. (झेनॉनचं दुखणं वेगळं. आत दाब असल्यामुळे तो फुटू शकतो, म्हणून बदलताना तोंडावर जाड पडदा घ्यावा लागतो. असो.) मग २००५ नंतर डिजिटल प्रक्षेपण आलं आणि पुढच्या दहा वर्षांत रिळंच गेली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. आपल्या महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणारे तंबूतले सिनेमे आणि त्यांची जुनी मशीन हा त्याचा विषय आहे. ज्यांना ते जग पाहायचं असेल त्यांनी जरूर पाहावा.

त्या जुन्या मशीनबद्दल मात्र एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. कार्बन तासाभरात संपे, पण मशीन चाळीस-पन्नास वर्षं चाले. दोन्ही गोष्टी एकाच यंत्रातल्या. झिजणारा भाग स्वस्त होता, डोळ्यांसमोर होता आणि हाताने बदलता येत होता, म्हणून बाकीचं यंत्र पिढ्यान्‌पिढ्या चाललं. गिअरचा दात गेला तर गावातला लेथवाला करून देई. आता आपल्या घरात पाहा. आमच्या हॉलमध्ये छताला चपटा एलईडी दिवा आहे. खोक्यावर लिहिलं होतं पंचवीस हजार तास. दोन वर्षांत तो लुकलुकू लागला. वायरमन म्हणाला, "आजी, दिवा चांगला आहे, आतला ड्रायव्हर गेला. पण तो वेगळा निघत नाही, अख्खा टाकून द्या." म्हणजे जो भाग खरोखर टिकाऊ होता तोही न झिजता कचऱ्यात गेला. आयुष्याचा आकडा मोठा, पण झिजणारा भाग कोणता हे लपवलेलं. मोबाइलची बॅटरी हे याचंच दुसरं रूप. बॅटरी झिजणारच, तो तिचा धर्म आहे. तिला आत चिकटवून टाकणं हा मात्र माणसाने घेतलेला निर्णय आहे.

याची जाणीव अगदीच कोणाला नाही असं नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एका जागी द्यावी म्हणून. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला, की २०२७ पासून लहान उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता याव्यात. हे चांगलंच आहे. पण कायदा येईल तेव्हा येईल, दुकानात उभं राहून आपला प्रश्न बदलायला कायदा लागत नाही. "टिकेल ना?" या ऐवजी विचारावं, "यातलं आधी काय जाणार, आणि ते बदलून मिळेल का?" मी हल्ली विचारते. दुकानदार जरा गोंधळतात, पण प्रामाणिक दुकानदार विचार करून उत्तर देतात.

इथवर लिहून थांबले असते तर हा लेख वस्तूंपुरताच राहिला असता. पण ती तांब्याची कांडी मला पुन्हा भेटली, आणि तीही कामात असलेली.

माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापूरजवळ फॅब्रिकेशनचा कारखाना चालवतो. खंडेनवमीला त्याने आग्रहाने बोलावलं, "बाई, पूजेला तुम्ही यायचंच." गेले. वेल्डिंगच्या मशीनना, ड्रिलला, क्रेनलासुद्धा झेंडूच्या माळा घातलेल्या. आणि टेबलावर हळदीकुंकू वाहिलेल्या साहित्यात तांब्याच्या रंगाच्या कांड्यांचा एक जुडगा! मी ओरडलेच, "अरे, हा तर कार्बन!" तो हसला. "गाउजिंग रॉड आहेत बाई." कोळशाचाच रॉड, वरून तांबं. वेल्डिंग चुकलं किंवा ओतकामात दोष निघाला की या रॉडने तिथलं लोखंड वितळवायचं आणि मागून सहा-सात बार दाबाच्या हवेचा झोत मारून ते उडवून द्यायचं. चारशे-पाचशे अँपिअरचा प्रवाह. सिनेमातून गेलेला कार्बन कोल्हापूरच्या शेडमध्ये लोखंड खरवडतो आहे, हे पाहून मला खरंच बरं वाटलं.

त्याने मला सगळं नीट दाखवलं. बिनमुलाम्याचा रॉड स्वस्त पडतो पण बाजूने जळून निमुळता होतो. तांब्याचा जास्त चालतो आणि त्याची खाच सारख्या रुंदीची पडते. मोठ्या कामाला जोडरॉड मिळतात, एकाच्या टोकाला खोबण आणि दुसऱ्याच्या टोकाला खुंटी, म्हणजे तुकडा वाया जात नाही. (मामाच्या युक्तीला कारखान्यानेच रूप दिलं म्हणायचं!) रॉड सादळू नयेत म्हणून कपाट वेगळं. आणि एक रजिस्टर. रोज किती रॉड दिले, किती इंच उरले. मामाची वहीच ती, फक्त आता संगणकात.

मग त्याने एक रॉड लावून दाखवला. आवाज असा, की मी दोन्ही कान दाबून दारात गेले. काम करणारा मुलगा पंचविशीचा असेल. डोळ्यांवर काळ्या काचेचा मुखवटा होता, नाकाला रुमाल, कानांत काही नव्हतं. भिंतीवर एक तक्ता लावलेला होता, कारखान्यांच्या नियमांतला. ९० डेसिबल आवाजात आठ तास, १०० डेसिबलला दोन तास, ११५ ला फक्त पंधरा मिनिटं. गाउजिंगचा आवाज शंभराच्या वर सहज जातो. मी तो तक्ता वाचला आणि मला वाटलं, हे तर खोक्यावरच्या तासांसारखंच आहे. अमुक प्रवाहाला रॉड इतका वेळ, अमुक आवाजाला कान इतका वेळ. माणसाच्या कानाचाही टिकाऊपणा आकड्यांत मांडून ठेवलेला आहे. फरक एवढाच, की रॉड संपला तर खोक्यातून दुसरा निघतो.

विद्यार्थ्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, कानातली बुचं, मास्क सगळं आणून दिलंय. पोरं घालत नाहीत. गरम होतं म्हणतात." तो खोटं बोलत नव्हता, कपाटात सगळं ठेवलेलं होतं. पोरगाही खोटं बोलत नसेल, त्या शेडमध्ये मास्क लावून तास काढणं सोपं नाही. मी एवढंच म्हटलं, "रॉडचे तुकडेही कोणी आपणहून परत आणून देत नव्हतं ना रे? रजिस्टर ठेवलंस तेव्हा आणायला लागले." तो काही बोलला नाही. पूजेचा प्रसाद आला आणि विषय तिथेच राहिला.

माझं म्हणणं साधं आहे. आपण ज्याची नोंद ठेवतो ते जपलं जातं. कार्बनची नोंद होती, म्हणून इंचभर तुकडाही वाया गेला नाही. मामाच्या बोटांची, त्या पोराच्या कानांची नोंद नाही, म्हणून तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. यात कोणी दुष्ट असावं लागत नाही. टॉकीजचा मालक दिवाळीला आमच्या घरी फराळ पाठवणारा गृहस्थ होता, आणि माझा विद्यार्थी तर गुणी मुलगा आहे.

या आंधळेपणात आपल्या भाषेचाही हात आहे, असं मराठीची शिक्षिका म्हणून मला वाटतं. आपण झिजणाऱ्या माणसाचं फार कौतुक करतो. माझ्या निरोप समारंभात तीन वक्त्यांनी मला चंदनाची उपमा दिली. बाईंनी चंदनासारखा देह झिजवला, वगैरे. त्या दिवशी ऐकायला गोड वाटलं. पण चंदन ही उगाळायची वस्तू आहे, माणूस नाही. ज्याला आपण चंदन म्हणतो त्याच्या पगाराचं, रजेचं, दुखण्याचं मग विचारायला नको, कारण झिजणं हाच त्याचा मोठेपणा ठरलेला असतो. माझ्या मामालाही कोणीतरी हार घालून हेच म्हणालं होतं, घड्याळ देण्याआधी.

तेव्हा यंत्राच्या बाबतीत मी झिजण्याच्या बाजूची आहे. झिजणारा भाग उघडपणे झिजू द्यावा, स्वस्त असावा, बदलता यावा, म्हणजे बाकीचं यंत्र वाचेल. आणि माणूस मात्र त्या झिजणाऱ्या भागांच्या यादीत कधीही नसावा. ज्या कामात तो थोडाफार झिजणारच, तिथे निदान ती झीज मोजली जावी. कांडीवर तांब्याचा पातळ थर चढवायचं माणसाला सुचून जवळजवळ दीडशे वर्षं झाली. कांडी हातात धरणाऱ्याच्या कानांचं त्याच काळजीने पाहणं काही अवघड शास्त्र नाही.

गेल्या आठवड्यात मी विद्यार्थ्याला फोन करून एक सुचवलं. रॉडच्या त्या रजिस्टरात आणखी दोन रकाने घाल, आज गाउजिंगवर कोण होतं आणि किती वेळ होतं. दोन तास झाले की माणूस बदलायचा. आणि वर्षातून एकदा सगळ्यांचे कान तपासून घ्यायचे. "माणसं कमी आहेत बाई, पण बघतो," म्हणाला. शाळेत गृहपाठ राहिला की तो हेच म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा करून आणायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करणार आहे.